न लिहिलेला पत्ता

नोड.जेएसमध्ये यूडीपीची पॅकेट घेणारा सर्व्हर लिहायला फार काही लागत नाही. ‘डीग्रॅम’ हे मॉड्यूल घ्यायचे, ‘क्रिएटसॉकेट’ला ‘यूडीपी४’ एवढे सांगून सॉकेट मिळवायचे, ‘मेसेज’ या इव्हेंटवर एक फंक्शन टांगायचे आणि मग ‘बाइंड’. बाइंडला पोर्टचा क्रमांक दिला की सर्व्हर उभा. पोर्टच्या पुढे आणखी एक जागा असते, पत्त्याची. ती भरली नाही तरी कुठे काही अडत नाही. म्हणून ती सहसा कुणी भरत नाही.

तिथे काही न लिहिण्याला मात्र अर्थ आहे. यंत्राला जितकी म्हणून नेटवर्क जोडलेली आहेत, त्या सगळ्यांवरून या पोर्टवर जे येईल ते माझ्याकडे द्या, असा तो हुकूम असतो. लॅपटॉपवर त्यात घरचे वायफाय येते, ऑफिसचे व्हीपीएन येते; क्लाउडमधल्या भाड्याच्या यंत्राला सार्वजनिक आयपी असेल तर अख्खे जग येते. वाड्याला पुढचे, मागचे, परसातले अशी चार दारे असावीत आणि नाव विचारत येईल त्याला कुठल्याही दाराने आत घ्यायचे, हे धन्याला न विचारताच गड्याने ठरवून टाकावे, तसा हा प्रकार. यात नोड लिहिणाऱ्यांचा खोडसाळपणा नाही की आळस नाही. त्यांच्या हाती जे आले ते त्यांनी पुढे दिले. ते कुठून आले हे पाहायचे तर पन्नास वर्षे मागे जावे लागते. तो प्रवास पाहिल्यावर ही जागा यापुढे रिकामी ठेवण्याची मुभा असू नये, अशा मताला आम्ही आलो आहोत.

सुरुवात फ्रान्समधून. १९७० च्या दशकाच्या आरंभी लुई पूझाँ आणि त्यांचे सहकारी ‘सिक्लाद’ नावाचे संगणकांचे जाळे बांधत होते. त्यांची कल्पना सरकारी टेलिफोन खात्याला अजिबात रुचणारी नव्हती. माहितीचे सुटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या अंगावर पत्ता चिकटवायचा आणि वाटेतल्या यंत्रांनी तो फक्त पुढे ढकलायचा. हरवला तर हरवला, मागचा आधी पोहोचला तर पोहोचला. ते नीट लावून घेणे, हरवलेले पुन्हा मागवणे ही दोन टोकांवरच्या संगणकांची डोकेदुखी. टेलिफोन खात्यांना हवे होते ते नेमके याच्या उलट: आधी दोन टोकांमध्ये मार्ग बांधायचा, तो बोलणे संपेपर्यंत राखायचा, त्याची हमी द्यायची आणि त्याचे पैसे लावायचे. १९७६ साली त्यांनी एक्स.२५ या नावाने तसे मानक करूनही घेतले. सिक्लादचे पैसे आटले आणि १९८१ मध्ये ते बंद पडले. भांडण वरवर तांत्रिक होते. खरा प्रश्न एवढाच होता की जाळ्यातली अक्कल मधल्या खात्याकडे राहणार की टोकावरच्या माणसाकडे.

पूझाँ घरी हरले, बाहेर जिंकले. व्हिंट सर्फ आणि बॉब काह्न यांनी १९७४ च्या मे महिन्यात आपला प्रसिद्ध आराखडा छापला, त्यात सुट्या पॅकेटांचा हाच विचार पायाला होता. पण त्यांच्या टीसीपीत सगळे एकत्र कोंबलेले होते. पॅकेट योग्य यंत्रापर्यंत नेणे आणि हरवलेले पॅकेट पुन्हा मागवून सगळे क्रमाने लावणे, ही दोन्ही कामे एकाच प्रोटोकॉलकडे. फाइल पाठवणाऱ्याला ते उत्तमच. एक अक्षर गळले तरी फाइल निरुपयोगी, तेव्हा थोडा उशीर चालेल पण गळती नको. आवाज पाठवणाऱ्यांचे गणित वेगळे होते. डॅनी कोहेन आणि त्यांचे सहकारी १९७४ पासून अर्पानेटवरून माणसाचे बोलणे पाठवण्याचे प्रयोग करत होते. बोलण्यातला काही मिलिसेकंदांचा तुकडा गळला तर कान तो भरून काढतो. तोच तुकडा पुन्हा मागवून घेईपर्यंत पुढचे सगळे बोलणे थोपवून धरले, तर संभाषणच मरते. उशिरा आलेल्या आवाजाचे करायचे काय?

जॉन पोस्टेल यांनी १९७७ च्या ऑगस्टमध्ये एका टिपणात हीच तक्रार दुसऱ्या अंगाने मांडली: एका थरात दोन थरांची कामे घुसवून आपण आपलाच नियम मोडतो आहोत. १९७८ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये बैठकीच्या मधल्या सुट्टीत सर्फ, पोस्टेल आणि कोहेन यांनी टीसीपीचे दोन भाग केले. पॅकेट नेण्याचे काम आयपीकडे गेले, हमी देण्याचे टीसीपीकडे राहिले. मग प्रश्न उरला तो हमी नको असलेल्यांचा. त्यांना आयपी जवळजवळ उघड्याने वापरता यावा यासाठी जी पातळ चिंधी गुंडाळली, ती यूडीपी. डेव्हिड रीड यांचा त्यात मोठा हात होता. २८ ऑगस्ट १९८० रोजी पोस्टेल यांनी त्याचा दस्तऐवज काढला: आरएफसी ७६८, अवघी ३ पाने.

ती तीन पाने आजही जशीच्या तशी लागू आहेत. डेटाग्रामच्या डोक्यावर ८ बाइट, म्हणजे दोन-दोन बाइटांचे चार रकाने: पाठवणाऱ्याचे पोर्ट, घेणाऱ्याचे पोर्ट, लांबी, चेकसम. पाठवणाऱ्याचे पोर्ट ऐच्छिक आहे. उत्तर नको असेल तर शून्य टाका. चेकसमही, निदान आयपीव्ही४ वर, ऐच्छिक; काढलेला नसेल तर तिथे शून्य. ओळख पटवणे नाही, आधी हातमिळवणी नाही, निरोप नाही. मानकाच्या भाषेत इतका कंजूषपणा क्वचित पाहायला मिळतो आणि आम्हाला तो आवडतो. जे द्यायचे नाही त्याचे आश्वासनही द्यायचे नाही, हा त्यातला प्रामाणिकपणा आहे. इंटरनेटवरची नावे शोधणारी डीएनएस यावरच चालते. घड्याळे जुळवणारा एनटीपी यावरच. आपल्याकडे सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशाने कंपन्यांना आपल्या यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे बंधनकारक केले. ती जुळवणीही याच आठ बाइटांच्या टोपीखालून होते. ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्या इंटरनेट टेलिफोनीला मात्र भारतात १ एप्रिल २००२ पर्यंत परवानगी नव्हती. लेक न्यू जर्सीत आणि आईवडील डोंबिवलीत, अशा घरांत तोवर आयएसडीचे मिनिट मोजत ख्यालीखुशाली विचारली जायची. असो.

प्रोटोकॉल झाला, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती काय द्यायचे? त्याचे उत्तर १९८३ च्या ऑगस्टमध्ये बर्कलीहून आले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या, म्हणजे डार्पाच्या पैशातून तिथल्या विद्यापीठात यूनिक्सची जी आवृत्ती तयार झाली ती ४.२ बीएसडी. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला अर्पानेट जुना प्रोटोकॉल टाकून टीसीपी-आयपीवर आले होते. बीएसडीने सॉकेट दिले, आणि सॉकेटबरोबर ‘बाइंड’ दिले. आज जावास्क्रिप्टमध्ये जे बाइंड लिहिले जाते, ते मधल्या दोन-तीन थरांतून घरंगळत शेवटी याच सिस्टिम कॉलपाशी पोहोचते. नावसुद्धा बदललेले नाही.

इथे जरा जवळून पाहण्याजोगे काही आहे. सी भाषेत बाइंड करताना पत्ता आणि पोर्ट यांची एक छोटी चौकट भरून द्यावी लागते. रीत अशी की आधी त्या चौकटीतली सगळी जागा शून्यांनी पुसून घ्यायची आणि मग हवे ते रकाने भरायचे. पोर्ट भरले आणि पत्ता भरायचा राहून गेला, तर पत्त्याच्या चार बाइटांत शून्ये उरतात. बर्कलीत या चार शून्यांना अर्थ दिला गेला तो ‘कुठलाही पत्ता’. म्हणजे विसरणारा आणि मुद्दाम सगळी दारे उघडणारा, दोघांच्या हातून अगदी सारखेच बाइट कर्नलकडे जातात. कर्नलला दोघांत फरक करण्याची सोयच नाही.

त्या काळी यात कुणाला वावगे वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. जाळ्यावर काही शे यंत्रे होती. विद्यापीठे, प्रयोगशाळा, लष्करी आस्थापना. समोरचे यंत्र कुणाचे, ते कोण सांभाळतो, हे फोन करून विचारता येत होते. बर्कलीच्या मंडळींना धोका दिसत नव्हता असे नाही. त्यांना तो दुसऱ्या दिशेने येताना दिसत होता. एका व्हॅक्स यंत्रावर एकाच वेळी अनेक विद्यार्थी बसत. त्यातल्या एखाद्या उचापतखोराने मेलचे किंवा लॉगिनचे पोर्ट बळकावले तर? म्हणून त्यांनी नियम केला की १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला बाइंड करता येईल. पहारा होता तो आतल्या माणसावर. बाहेरून येणाऱ्या पॅकेटाकडे पाहुणा म्हणून बघितले गेले. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. एका कंटेनरमध्ये एकच प्रोग्रॅम असतो, त्यात चोरटा सहनिवासी कुणी नाही, आणि बाहेर मात्र कोट्यवधी अनोळखी यंत्रे. तरी १०२४ चा पहारा आजही बहुतेक ठिकाणी टिकून आहे आणि चार शून्यांचे आतिथ्यही.

टीसीपीत या आतिथ्याला थोडा लगाम बसतो. तिथे बाइंडनंतर ‘लिसन’ करावे लागते, प्रत्येक पाहुण्याला ‘अ‍ॅक्सेप्ट’ करावे लागते, आणि त्याआधी तीन पॅकेटांची देवाणघेवाण होते. समोरच्याने सांगितलेला पत्ता खोटा असेल तर त्याला उत्तर पोहोचत नाही आणि जोडणीच होत नाही. यूडीपीत यातले काही नाही. बाइंड झाले की कर्नल त्या पोर्टसाठी रांग लावतो आणि जे येईल ते त्या रांगेत टाकतो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा जो पत्ता लिहिलेला असेल तो खरा मानायचा की नाही, हे प्रोग्रॅमने ठरवायचे. म्हणजे कोण कुठून आत येणार हे ठरवण्याची यूडीपीत प्रोग्रॅमरच्या हातात असलेली मुख्य जागा बाइंडचीच. आणि नेमक्या तिथेच आपण पत्ता लिहीत नाही.

याची पहिली मोठी किंमत २५ जानेवारी २००३ रोजी मोजली गेली. स्लॅमर नावाचा किडा, सगळा मिळून ४०४ बाइटांचा. एकच यूडीपी पॅकेट. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधली एक छोटी चौकशी-सेवा १४३४ या पोर्टवर ऐकत बसलेली असे. तिच्यातल्या एका चुकीचा फायदा घेऊन हा किडा आत शिरायचा आणि लगेच अंदाधुंद पत्त्यांवर स्वतःच्या प्रती फेकू लागायचा. हातमिळवणीची वाट पाहायची नसल्याने त्याचा वेग फक्त तारेच्या रुंदीवर अवलंबून होता. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित यंत्रे दुप्पट होत होती; १० मिनिटांत लागण होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी ९० टक्के गेली होती. किमान ७५ हजार यंत्रे. बँक ऑफ अमेरिकेची हजारो एटीएम बंद पडली, दक्षिण कोरियात इंटरनेट ठप्प झाले. दुरुस्ती आदल्या वर्षीच्या जुलैपासूनच उपलब्ध होती, पण ज्यांनी ती लावली नाही त्यांतल्या अनेकांना आपल्या यंत्रावर एसक्यूएल सर्व्हर आहे हेच ठाऊक नव्हते. दुसऱ्याच कुठल्या तरी सॉफ्टवेअरच्या पोटात त्याची छोटी आवृत्ती दडून आली होती आणि तिने येताना आपले पोर्ट बाइंड केले होते. यंत्राच्या मालकाने कधी न पाहिलेली, कधी न मागितलेली ती दारे होती.

दुसरी किंमत हप्त्याहप्त्याने मोजणे अजून चालू आहे. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. तेव्हा ज्याला छळायचे त्याचा पत्ता पाकिटावर लिहून एखाद्या उघड्या सर्व्हरला छोटा प्रश्न विचारायचा. सर्व्हर आपले भलेमोठे उत्तर भाबडेपणाने त्या बिचाऱ्याच्या अंगावर ओततो. असे खोटे पत्ते आपल्या जाळ्यातून बाहेर पडू देऊ नका, अशी विनवणी इंटरनेट सेवा देणाऱ्यांना २००० सालापासून एका औपचारिक शिफारशीतून केली जात आहे. ती सगळ्यांनी ऐकली असती तर हा धंदा केव्हाच बसला असता. २०१३ मध्ये डीएनएस सर्व्हर यासाठी वापरले गेले, २०१४ मध्ये एनटीपी. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी पाळी मेमकॅशेची आली. वेबसाइटचा डेटा तात्पुरता स्मरणात ठेवणारे हे साधन. त्याने जगाशी बोलावे असे ते लिहिणाऱ्यांच्या कधी मनातही नव्हते, ते डेटा सेंटरच्या आतल्या खोलीत राहणारे. पण ते ११२११ या पोर्टवर यूडीपीही ऐकत असे, आणि पत्ता सांगितला नाही तर सगळ्या पत्त्यांवर. विचारलेल्या प्रश्नाच्या ५१ हजार पटीपर्यंत मोठे उत्तर त्यातून निघू शकत होते. त्या दिवशी गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा लोंढा कोसळला, तोवर नोंदलेल्यांत सर्वांत मोठा, आणि ती साइट काही मिनिटे डळमळली. त्याच सुमारास आलेल्या १.५.६ या आवृत्तीत मेमकॅशेने यूडीपी मुळातच बंद करून टाकले; ज्याला हवे त्याने ते स्वतः चालू करावे. एका ओळीचा बदल. तो पंधरा वर्षे उशिरा आला.

आता जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात १० दिवसांत ही भाषा उभी केली ती ब्राउझरमधल्या पानांसाठी. सर्व्हरवर ती चालवण्याचा प्रयत्न नेटस्केपने तेव्हाच करून पाहिला होता, पण तो रुजला नाही. रायन डाल यांनी ८ नोव्हेंबर २००९ रोजी बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये नोड दाखवले आणि चित्र पालटले. ब्राउझरमधल्या पानाला सरळ यूडीपी सॉकेट उघडण्याची मुभा तेव्हा नव्हती आणि आजही नाही, ते शहाणपणाचेच आहे. नोडमध्ये मात्र डीग्रॅम अगदी पहिल्या वर्षभरातच आले. त्याचा परिणाम नीट मोजला गेलेला नाही, असे आम्हाला वाटते. बटणावर क्लिक झाल्यावर रंग कसा बदलायचा हे लिहिणाऱ्या लाखो माणसांच्या हाती, सी भाषेची ती चौकट कधीही न भरता, कर्नलचे बाइंड आले. चौकट भरणाऱ्याला निदान शून्ये तरी दिसत होती. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तीही दिसत नाहीत.

याचा चांगला उपयोगही झाला आणि तो आधी सांगायला हवा. हाताने केलेल्या वस्तू विकणाऱ्या एट्सी या अमेरिकी साइटच्या अभियंत्यांनी २०११ च्या फेब्रुवारीत ‘स्टॅट्सडी’ जगासाठी खुले केले. पान दाखवणाऱ्या पीएचपीच्या प्रोग्रॅमने प्रत्येक घटनेला एक छोटे यूडीपी पॅकेट फेकायचे: घटनेचे नाव, अपूर्णविराम, आकडा, उभी रेघ, मोजणीची जात सांगणारे अक्षर. बस्स. पाठवले की विसरायचे. मोजणारा सर्व्हर बंद असला, गुदमरला, तरी ग्राहकाचे पान एका मिलिसेकंदानेही अडकत नाही. फार तर आलेखात दोन ठिपके कमी. पलीकडे नोडमध्ये लिहिलेला छोटा सर्व्हर ८१२५ या पोर्टवर बाइंड होऊन ही पॅकेट गोळा करायचा आणि दर १० सेकंदांनी बेरजा करून पुढे आलेख काढणाऱ्याकडे धाडायचा. यूडीपीने हमी नाकारली याचा इतका समंजस फायदा घेतलेले दुसरे उदाहरण आम्हाला तरी चटकन आठवत नाही. कोहेन यांच्या आवाजासाठी जे खरे, तेच मोजणीसाठी खरे ठरले. आणि या गुणी सर्व्हरचा न सांगितलेला पत्ता? ०.०.०.०. फायरवॉल नसेल तर रस्त्यावरचा कुणीही तुमच्या दुकानाची विक्री कागदोपत्री दुप्पट करू शकतो. त्याला पासवर्ड लागत नाही, कारण विचारणाराच कुणी नाही.

नोडमधल्या बाइंडच्या आत काय घडते तेही पाहू, कारण त्यात दोन फसव्या गोष्टी आहेत. एक, कर्नलचे बाइंड तत्काळ होते किंवा तत्काळ फसते. नोडचे मात्र ‘होईल तेव्हा कळवतो’ म्हणून लगेच परतते. कारण पत्त्याच्या जागी तुम्ही यंत्राचे नावही देऊ शकता आणि नाव शोधायला वेळ लागू शकतो. २०१२ मध्ये ०.९.१ या आवृत्तीत हा बदल झाला. तेव्हापासून बाइंडच्या पुढच्याच ओळीत ब्रॉडकास्ट चालू करणारा प्रोग्रॅम ‘हे सॉकेट अजून बांधलेलेच नाही’ अशा अर्थाची चूक दाखवत पडू शकतो. ते काम ‘लिसनिंग’ इव्हेंटच्या आत करायचे. दुसरी गोष्ट जास्त खोल. कर्नलने लावलेल्या रांगेला मर्यादा असते. लिनक्सवर ती मुळात साधारण २ लाख १३ हजार बाइटांची. जावास्क्रिप्टचा धागा एकच. तो एखाद्या मोठ्या जेसनचे पृथक्करण करत अर्धा सेकंद बसला, की तेवढ्यात रांग भरते आणि पुढची पॅकेट कर्नल मुकाट्याने टाकून देतो. तुमच्या फंक्शनला काही कळत नाही. ‘एरर’ इव्हेंट येत नाही. लॉग स्वच्छ. ‘नेटस्टॅट -एसयू’ ही आज्ञा चालवून बघितली तरच ‘रिसीव्ह बफर एरर्स’पुढचा आकडा वाढताना दिसतो. यूडीपी म्हणजे नेटवर्कमध्ये पॅकेट हरवणे, असे शिकवले जाते. एकाच डेटा सेंटरच्या आत ती बहुधा दारापर्यंत येऊन हरवतात. आणि सॉकेट सगळ्या पत्त्यांवर उघडे असेल, तर तीच मर्यादित रांग बाहेरचा कुणीही कचऱ्याने भरून टाकू शकतो. मग तुमची खरी पॅकेट त्याच मुकाट्याने गळतात. न लिहिलेल्या पत्त्याची झळ अशी सुरक्षेपलीकडे रोजच्या कामालाही लागते.

आमच्या मताविरुद्ध सांगण्यासारखे बरेच आहे. डीएचसीपी सर्व्हर लिहायचा तर ब्रॉडकास्ट ऐकावाच लागतो. मल्टिकास्टवर एकमेकांना शोधणारी साधने लिनक्सवर एकाच पत्त्याला बांधली तर त्यांना गटाला आलेली पॅकेट मिळतच नाहीत. कंटेनरच्या आत १२७.०.०.१ वर बांधलेला सर्व्हर बाहेरून पोर्ट जोडून दिले तरी पोहोचण्याजोगा राहत नाही. नवशिक्याची त्यात संध्याकाळ जाते. फायरवॉलचे उत्तर तर सगळ्यांच्या जिभेवर असते, आणि मोठ्या क्लाउडांत ती बाहेरून येणारे मुळातच अडवते म्हणून आपण बरेच तरलो आहोत, हेही खरे. शिवाय मूळ वागणूक बदलली की चालणारे प्रोग्रॅम मोडतात. नोडने २०२१ मध्ये १७ व्या आवृत्तीत नावाचे पत्ते कोणत्या क्रमाने द्यायचे एवढेच बदलले, तर ‘लोकलहोस्ट’ने अनेकांकडे आयपीव्ही४ ऐवजी आयपीव्ही६ चा पत्ता द्यायला सुरुवात केली आणि जगभर माणसे कपाळाला हात लावून बसली.

हे सगळे मान्य करूनही आक्षेप उरतो. ज्यांना सगळ्या पत्त्यांवर ऐकायचे आहे त्यांना कुणी अडवत नाही, त्यांनी चार शून्ये हाताने लिहावीत एवढेच मागणे. लिहिलेले शून्य दिसते. कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याला दिसते, शोधून काढता येते, त्यावर ‘हे कशाला?’ असा प्रश्न विचारता येतो. न लिहिलेल्या शून्यावर कुणीच काही विचारत नाही. फायरवॉलवाले सहसा दुसऱ्या विभागात बसतात आणि त्यांचे नियम एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी बदलतात; त्यांच्यावर भिस्त ठेवणे म्हणजे आपले काम त्यांच्या स्मरणशक्तीवर टाकणे. इतरांनी हा धडा पोळून का होईना घेतला. २०१७ च्या जानेवारीत हजारो उघड्या मोंगोडीबी डेटाबेसांवर खंडणीखोरांनी हात मारला. त्याच वर्षी आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून तो सांगितल्याशिवाय फक्त स्वतःच्याच यंत्रावर बांधला जातो. रेडिसने २०१६ मध्येच ३.२ या आवृत्तीत पासवर्ड नसलेल्या उघड्या सर्व्हरला बाहेरच्यांशी बोलायला बंदी घातली. त्यांची गोष्ट टीसीपीची, जिथे निदान हातमिळवणी तरी होते. यूडीपीला तेवढाही आधार नाही.

वरच्या थरांतही धडा शिकला गेला आहे. टीसीपीत सुधारणा करणे मधल्या यंत्रांनी इतके अवघड करून ठेवले की गूगलमध्ये २०१२ पासून नवा प्रोटोकॉल यूडीपीवरच बांधायला घेतला गेला. तो क्विक, मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून मान्य झाला आणि आज वेबची मोठी वाहतूक त्यावरून धावते. त्याच्या नियमांत मेमकॅशेसारख्या प्रसंगांची छाया स्पष्ट दिसते. समोरच्याचा पत्ता खरा असल्याची खात्री पटेपर्यंत सर्व्हरने, आलेल्या बाइटांच्या तिपटीहून जास्त उत्तर द्यायचे नाही. आणि ओळख काढायला येणाऱ्याचे पहिले पाकीट किमान १,२०० बाइटांचे हवे. म्हणजे अनोळखी माणसावर किती विश्वास टाकायचा याचा हिशेब प्रोटोकॉलने घातला. खालचे बाइंड मात्र १९८३ सालीच उभे आहे.

नोडला हा बदल पेलणार नाही असेही नाही. ‘न्यू बफर’ची गोष्ट फार जुनी नाही. त्याला फक्त आकडा दिला तर तो न पुसलेली स्मृती हाती देत असे, आणि तिच्यात आधीच्या कुणाचे तरी पासवर्ड किंवा किल्ल्या असू शकत. २०१६ मध्ये सुरक्षित पर्याय आला, २०१७ मध्ये आठव्या आवृत्तीने ती स्मृती पुसून द्यायला सुरुवात केली, २०१८ मध्ये दहाव्या आवृत्तीने जुन्या वापरावर इशारा छापायला घेतला. प्रचंड वापरात असलेली गोष्ट होती. बदल टप्प्याटप्प्याने झाला आणि आभाळ कोसळले नाही. डीग्रॅमसाठी हीच वाट आहे. आधी दस्तऐवज. आजच्या अधिकृत उदाहरणात बाइंडला फक्त ४१२३४ हा पोर्ट क्रमांक दिलेला आहे, आणि सर्व्हर ०.०.०.० वर ऐकतो आहे असे खालच्या टिपेत बिनदिक्कत छापलेले आहे. तिथे १२७.०.०.१ लिहायला कुणाचा प्रोग्रॅम मोडत नाही. पुढच्या एखाद्या मुख्य आवृत्तीत पत्त्याविना बाइंड केल्यास इशारा. त्याच्या पुढच्या आवृत्तीत पत्ता दिला नाही तर स्वतःचे यंत्र, एवढाच अर्थ. बाइंड न करता थेट पॅकेट पाठवणाऱ्या सॉकेटांना यातून वगळावे, कारण त्यांना कर्नलने निवडलेले पोर्ट आणि परतीची वाट लागते, आणि उगीच त्यांना छळण्यात अर्थ नाही.

तोवर ज्यांच्या हाती सर्व्हर आहेत त्यांनी एवढे करावे. लिंटरला एक नियम घालावा की बाइंडला नुसता आकडा दिलेला दिसला तर कोड पुढे सरकू द्यायचा नाही. आणि चालत्या यंत्रावर ‘एसएस -एलयूएनपी’ रूटच्या हक्काने चालवावी. बांधलेली सगळी यूडीपी सॉकेट, त्यांचे पत्ते आणि ती धरून बसलेले प्रोग्रॅम एका यादीत येतात. त्यातल्या ०.०.०.० च्या प्रत्येक ओळीपुढे ते कुणी उघडले आणि कुणासाठी, हे नावानिशी लिहावे. ज्या ओळीला नाव सापडत नाही, तो प्रोग्रॅम आधी बंद करावा आणि मग कुणाचा फोन येतो ते पाहावे.